शिकारी धनुष्याचा टेकू: बाण सांभाळणारा आणि वेळेवर बाजूला होणारा

उत्तर अमेरिकेत शरद ऋतू सुरू झाला, ओक आणि मेपलची पाने गळू लागली, की विस्कॉन्सिन, मिशिगनसारख्या राज्यांतील जंगलांत धनुर्धारी शिकारी पहाटेपासून झाडावरच्या मचाणावर बसून राहतात. तासन्‌तास वाट पाहिल्यावर एखादे पांढऱ्या शेपटीचे हरीण वीस-पंचवीस मीटरवर येते. शिकारी हळूच धनुष्य उचलतो आणि दोरी मागे खेचू लागतो. तेवढ्यात बाण टेकूवरून घसरतो आणि धातूवर ‘टक्’ असा आवाज होतो. हरणाचे कान टवकारतात आणि क्षणात ते दिसेनासे होते. त्या दिवसाची शिकार तेथेच संपते.

ही झाली त्यातल्या त्यात बरी शक्यता. वाईट शक्यता अशी, की बाण टेकूला किंचित घासून सुटतो, हवेत डुलत जातो आणि काळजाऐवजी पोटात किंवा मांडीत शिरतो. जखमी जनावर मैल-दोन मैल पळते आणि कोठेतरी झुडपात तडफडत पडते. शिकाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही आणि जनावराला मात्र यातनांचा मृत्यू येतो. धनुष्याने शिकार करणाऱ्यांच्या दृष्टीने याहून मोठी नामुष्की नाही. या दोन्ही प्रसंगांच्या मुळाशी बऱ्याचदा असतो तो शंभर ग्रॅमच्या आसपास वजनाचा एक सुटा भाग. त्याला ‘अ‍ॅरो रेस्ट’ म्हणतात. मराठीत त्याला बाणाचा टेकू म्हणता येईल.

भारतात वन्यप्राण्यांच्या शिकारीला, कायद्याने दिलेले मोजके अपवाद वगळता, बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तरीही या छोट्या भागाची माहिती येथील वाचकांना परकी राहण्याचे कारण नाही. अमेरिकेतील शिकाऱ्यांसाठी विकसित झालेले कंपाउंड धनुष्य आज महाराष्ट्रातील खेळाडूंच्या हाती आहे आणि त्यांनी त्यावर जागतिक अजिंक्यपदे मिळवली आहेत. टेकू निवडताना शिकाऱ्यापुढे जे प्रश्न असतात तेच खेळाडूपुढेही असतात. त्यांची उत्तरे मात्र वेगळी निघतात.

मुठीपासून यंत्रापर्यंत

हजारो वर्षे धनुष्याला वेगळा टेकू नव्हता. बाण धनुष्य धरलेल्या हाताच्या मुठीवर किंवा अंगठ्यावर ठेवला जाई. अमेरिकेतील आधुनिक धनुर्शिकारीची कहाणी जेथून सुरू होते तो इशी हा याही आदिवासी असाच बाण सोडत असे. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात तो एकटाच सापडला. त्याच्या जमातीचा तो अखेरचा ज्ञात वंशज होता. १९१६ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच्यावर उपचार करणारे विद्यापीठातील डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य तयार करणे आणि शिकार करणे शिकले. पोप यांनी १९२३ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले आणि अमेरिकेत विस्मरणात गेलेल्या या विद्येकडे अनेकांचे लक्ष वेधले गेले. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने केवळ धनुष्याने हरणांची शिकार करण्यासाठी स्वतंत्र हंगाम जाहीर केला. पुढे इतर राज्यांनीही हाच मार्ग धरला.

त्या काळच्या लाकडी धनुष्यात मुठीच्या वर एक लहानशी कड कोरलेली असे. तिच्यावर चामड्याचा किंवा लोकरीचा तुकडा चिकटवला, की टेकू तयार. बाणाच्या मागच्या टोकाला पक्ष्याची खरी पिसे असत. कडेला लागली तरी ती मऊपणे दबत आणि बाणाची दिशा फारशी बिघडत नसे. आजही पारंपरिक धनुष्य वापरणारे अनेक जण हीच पद्धत पसंत करतात.

चित्र पालटले ते मिसुरी राज्यातील हॉलेस विल्बर अ‍ॅलन यांच्या शोधामुळे. त्यांनी १९६६ मध्ये कंपाउंड धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते त्यांना मिळाले. धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाके आणि त्यांवरून फिरणाऱ्या केबली, अशी ही रचना होती. दोरी पूर्ण खेचल्यावर हातावरचा भार एकदम कमी होतो, त्यामुळे शिकाऱ्याला अधिक वेळ नेम धरता येतो. बाणाचा वेगही वाढला. पिसांच्या जागी प्लॅस्टिकच्या ताठ पट्ट्या आल्या, त्यांना ‘व्हेन’ म्हणतात. पावसात त्या भिजत नाहीत, पण टेकूला लागल्या तर दबतही नाहीत, उलट उसळतात. जुनी कड आता अपुरी पडू लागली आणि टेकू हा स्वतंत्र अभियांत्रिकीचा विषय झाला.

सेकंदाच्या ऐंशीव्या भागात

टेकूचे काम वरकरणी सोपे वाटते: बाण सुटेपर्यंत त्याला आधार द्यायचा. खरी अडचण बाण सुटल्यानंतरची आहे.

आजच्या शिकारी कंपाउंड धनुष्यातून बाण सेकंदाला साधारण ८० ते ९० मीटर वेगाने निघतो. दोरी त्याला जेमतेम ५५ सेंटीमीटर अंतर ढकलते. ढोबळ हिशेब केला तर हा प्रवास बारा-तेरा सहस्रांश सेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या ऐंशीव्या भागात संपतो. त्यानंतर बाणाची पिसे टेकूपाशी पोहोचायला आणखी एक-दोन सहस्रांश सेकंदच लागतात. एवढ्या अवधीत टेकूने बाणाला सरळ मार्गावर ठेवायचे आणि पिसे येण्यापूर्वी त्यांना वाट मोकळी करून द्यायची.

त्यातच बाण ताठ राहत नाही. मागून अचानक जोर बसताच त्याची दांडी वेताच्या छडीसारखी वाकते आणि पुढे जाताना दोन्ही बाजूंना लवलव करते. जुन्या धनुष्यात बाण धनुष्याच्या एका बाजूला ठेवलेला असूनही समोर सरळ कसा जातो, हे कोडे अभ्यासकांना बरेच दिवस सुटले नव्हते. १९३० च्या दशकात क्लॅरन्स हिकमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने अतिवेगवान छायाचित्रणाच्या साह्याने दाखवून दिले, की बाण वाकतो आणि धनुष्याला वळसा घालून निघून जातो.

बाण कोणत्या दिशेला वाकणार, हे दोरी कशी सोडली यावर ठरते. बोटांनी सोडलेली दोरी बोटांवरून घरंगळते आणि बाणाच्या मागच्या टोकाला आडवा धक्का देते. त्यामुळे बाण डावी-उजवीकडे वाकतो. मनगटाला बांधलेल्या किंवा मुठीत धरलेल्या यांत्रिक कळीने, म्हणजे ‘रिलीज’ने सोडलेली दोरी जवळपास सरळ रेषेत पुढे जाते आणि बाण मुख्यतः वर-खाली वाकतो. म्हणून टेकू निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो: दोरी बोटांनी सोडणार की कळीने? बोटांनी सोडणाऱ्याला बाजूने लवचीक आधार लागतो, तर कळीने सोडणाऱ्याला खालून.

टेकूचे प्रकार

बोटांनी दोरी सोडणाऱ्यांसाठी सर्वांत रुळलेली जोडी म्हणजे तारेचा बारीक, बाजूला मिटणारा हात आणि स्प्रिंगवर बसवलेले बटण. बाण तारेवर टेकतो आणि बटण त्याचा आडवा धक्का झेलते. हे बटण विक बर्गर या धनुर्धराच्या नावाने प्रसिद्ध झाले. धनुष्याच्या मधल्या भागाला, म्हणजे रायझरला, टेकू बसवण्यासाठी जे आटे असलेले छिद्र असते त्याला आजही ‘बर्गर होल’ म्हणतात. ऑलिंपिकमधील रिकर्व्ह धनुष्यावर अशीच रचना दिसते. शिकारीत मात्र ती नाजूक ठरते. फांदी लागली तरी तार वाकते आणि धनुष्य तिरके केले तर बाण खाली पडतो.

कळीच्या वापराबरोबर दोन काट्यांचा टेकू आला. दोन बारीक काट्यांच्या बेचक्यात बाण ठेवायचा, तिसरे पीस दोन काट्यांमधल्या फटीतून निघून जाते. रचना साधी आणि टिकाऊ. परंतु पिसे फटीच्या बरोबर समोर आली नाहीत तर घासतात, आणि बाणाला वरून काहीच अडसर नसल्याने तो सहज निसटतो.

तिसरा प्रकार ब्रशचा. गोल कड्यात चहूबाजूंनी ताठ तंतू बसवलेले असतात आणि मध्ये बाणाच्या जाडीएवढे छिद्र असते. ‘व्हिस्कर बिस्किट’ हे त्यातले सर्वांत परिचित नाव. धनुष्य उलटे धरले तरी बाण पडत नाही. हलणारा एकही भाग नाही, त्यामुळे बिघडण्यासारखेही फारसे काही नाही. किंमतही कमी असते. याची किंमत वेगळ्या रूपाने मोजावी लागते. प्रत्येक वेळी पिसे तंतूंमधून घुसून जातात. त्यात वेग थोडा घटतो, पिसे लवकर झिजतात आणि लांब, मऊ पिसे तर पार चुरगळतात. खालचे तंतू कालांतराने झिजले, की बाण हळूहळू खाली बसू लागतो आणि नेम खाली घसरतो. शिकाऱ्याला मात्र चूक आपल्या हाताची वाटत राहते.

चौथा प्रकार पट्टीचा. स्प्रिंगच्या पोलादाची पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची पट्टी, टोकाला बाण बसेल एवढी खाच. बाणाचा जोर बसला की ती खाली दबते आणि बाण निघून गेला की जागेवर येते. अचूकतेच्या दृष्टीने ही उत्तम असते आणि म्हणूनच लक्ष्यवेधी स्पर्धांत लोकप्रिय आहे. पण बाणाला धरून ठेवण्याचा गुण तिच्यात नाही. वाऱ्याच्या झोतानेही बाण पट्टीवरून पडू शकतो. जंगलात तिचा उपयोग बेताचाच.

खाली पडणारा टेकू

गेल्या काही दशकांत कंपाउंड शिकाऱ्यांची पहिली पसंती मिळवली ती पाचव्या प्रकाराने, ‘ड्रॉप-अवे’ने. त्याचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते: दोरी खेचताना किंवा त्याआधी टेकू वर येतो, बाणाला आधार देतो आणि बाण सुटताच पिसे येण्याआधी खाली पडतो. पिसांना काही लागतच नाही, त्यामुळे कोणत्याही आकाराची पिसे चालतात.

‘पडतो’ हा शब्द मात्र फसवा आहे. केवळ गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर एक सेंटीमीटर खाली पडायला कोणत्याही वस्तूला सुमारे ४५ सहस्रांश सेकंद लागतात. बाणाची पिसे त्याच्या एक तृतीयांश वेळातच तेथे येऊन पोहोचलेली असतात. म्हणजे टेकू नुसता पडून भागत नाही, त्याला खाली खेचावे लागते किंवा स्प्रिंगने ढकलावे लागते. हे काम करण्याच्या दोन रीती आहेत आणि निवडीतला खरा पेच येथेच आहे.

पहिल्या रीतीत टेकूपासून निघालेली बारीक दोरी धनुष्याच्या खाली जाणाऱ्या केबलला बांधलेली असते. दोरी खेचली की केबल खाली सरकते आणि टेकूला वर उचलते. बाण सुटताच केबल उलट दिशेने धावते, बारीक दोरी सैल पडते आणि टेकूतील स्प्रिंग त्याला खाली आणते. ही रचना आटोपशीर असते, झुडपात अडकण्यासारखे बाहेर काही नसते. पण बारीक दोरीची लांबी काटेकोर ठेवावी लागते. ती आखूड झाली तर टेकू वेळेआधी पूर्ण वर जाऊन केबलवर ताण येतो. लांब झाली तर टेकू पूर्ण वर येतच नाही. केबल ताणली गेली किंवा गाठ घसरली, तर हा मेळ शिकाऱ्याच्या नकळत बिघडतो.

दुसऱ्या रीतीत बारीक दोरी केबलला न बांधता धनुष्याच्या वरच्या किंवा खालच्या भुजेला जोडतात. येथे स्प्रिंग टेकूला वर ढकलत असते आणि ताणलेली दोरी त्याला खाली धरून ठेवते. धनुष्य खेचल्यावर भुजा वाकते, दोरी सैल होते आणि टेकू वर येतो. बाण सुटल्यावर भुजा सरळ होताना टेकूला जोराने खाली ओढते. जुळणी सोपी, बाणाला आधार अधिक काळ मिळतो आणि केबलवर भार पडत नाही. तोटा असा, की बाहेरून जाणारी दोरी काटेरी झुडपात अडकू शकते किंवा बाणाच्या धारदार पात्याने कापली जाऊ शकते. दोरी तुटली तर टेकू वरच राहतो आणि पिसे त्यावर आदळतात.

दोन्ही रीतींत एक प्रसंग कसोटीचा असतो. शिकारी धनुष्य पूर्ण खेचतो, पण हरीण झाडाआड थांबते. हात थरथरू लागतात. अखेर त्याला दोरी सावकाश परत सोडावी लागते. साधा ड्रॉप-अवे या वेळीही खाली जातो आणि बाण रायझरवर टेकतो. तेथे मऊ फेल्ट चिकटवलेले नसेल तर सुरुवातीला सांगितलेला ‘टक्’ ऐकू येतो. म्हणून काही टेकूंत अडसराची सोय असते. शिकारी अंगठ्याने टेकू वर करून ठेवतो, बाण कड्यात बंदिस्त राहतो, सावकाश सोडल्यास टेकू वरच राहतो आणि प्रत्यक्ष बाण सुटल्याच्या वेगवान हालचालीनेच तो खाली जातो. शिकारीच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे. मात्र भाग वाढले, की किंमत आणि बिघाडाच्या जागाही वाढतात.

निवडताना विचारायचे प्रश्न

महाग तो चांगला, हा नियम येथे लागू पडत नाही. अमेरिकेत साधा ब्रशचा टेकू काही दहा डॉलरांत मिळतो, तर उत्तम ड्रॉप-अवेला दोनशे डॉलर किंवा अधिक मोजावे लागतात. पैशांपेक्षा पुढील प्रश्न महत्त्वाचे.

शिकार कोठे करायची आहे? मचाणावर स्थिर बसणाऱ्याची गरज वेगळी आणि डोंगरउतारावर रांगत जनावराचा माग काढणाऱ्याची वेगळी. दुसऱ्याला बाण सर्व बाजूंनी बंदिस्त ठेवणारा टेकू हवाच. शिकारी पाते दाढीच्या पात्याइतके धारदार असते आणि असा बाण अनपेक्षितपणे घसरला तर पहिली जखम शिकाऱ्यालाच होते.

हवामान कसे आहे? ओला झालेला ब्रश कडाक्याच्या थंडीत गोठून ताठ होतो. ड्रॉप-अवेच्या सांध्यात बर्फ किंवा चिखल साचला तर त्याची गती मंदावते, आणि येथे सहस्रांश सेकंदांचा हिशेब असतो.

बाण कोणता आहे? कार्बनचे बारीक बाण आणि जाड अ‍ॅल्युमिनियमचे बाण यांच्या व्यासात मोठा फरक असतो. ब्रशचे छिद्र त्यानुसार घ्यावे लागते. खरी पिसे वापरायची असतील तर ब्रश टाळणे शहाणपणाचे.

धनुष्याला तो बसतो का? डाव्या आणि उजव्या हाताचे टेकू वेगळे असतात. बहुतेक टेकू बर्गर छिद्रात बोल्टने बसतात, तर काही नव्या धनुष्यांच्या रायझरच्या मागे खास खोबण असते आणि तिच्यात बसणारा टेकू जागचा हलत नाही. जुन्या धनुष्यात ही खोबण नसते. खरेदीपूर्वी हे पाहिले नाही तर पैसे वाया जातात.

आणि शेवटचा, बहुधा सर्वांत प्रामाणिक प्रश्न: तो दुरुस्त करता येईल का? दुकानापासून शंभर मैलांवरच्या तळावर बारीक दोरी तुटली, तर ती पुन्हा बांधून टेकूचा मेळ साधता येणारा शिकारी ड्रॉप-अवे निर्धास्तपणे वापरू शकतो. ज्याला ते जमत नाही, त्याने ब्रश वापरून वेगातील थोडी घट सोसलेली बरी. वर्षातून चार दिवस जंगलात जाणाऱ्या नवख्याला अनेक जाणकार दुकानदार ब्रशच सुचवतात, तो याच कारणाने.

बसवला म्हणजे झाले नाही

उत्तम टेकूही चुकीचा बसवला तर निरुपयोगी. कंपाउंड धनुष्याचा रायझर मध्यरेषेच्या पलीकडेपर्यंत कापलेला असतो. त्यामुळे बाण दोरीच्या रेषेत ठेवता येतो. रायझरपासून बाणाच्या मध्यापर्यंत साधारण वीस मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करतात आणि बाणाची दांडी बर्गर छिद्राच्या उंचीवर, दोरीशी काटकोनात येईल असे पाहतात. त्यानंतर चाचण्यांची पाळी येते.

पहिली कागदाची. चौकटीत ताणलेल्या कागदातून दोन मीटरवरून बाण सोडतात. गोल छिद्र आणि तीन पिसांच्या चिरा एकाच जागी दिसल्या तर बाण सरळ गेला. चिरा छिद्राच्या वर असतील तर बाणाची शेपटी उंच होती. अशा वेळी टेकू किंचित वर घेतात किंवा दोरीवरील खाचेची जागा खाली आणतात. पण त्याआधी दुसरी चाचणी करावी, कारण पिसे टेकूवर आपटूनही शेपटी उडते.

ही दुसरी चाचणी पावडरची. पिसांवर आणि टेकूवर पायाला लावायच्या पावडरचा फवारा मारून बाण सोडतात. जेथे पावडर पुसली गेली असेल तेथे स्पर्श झाला. ड्रॉप-अवे वेळेवर खाली जातो की नाही, हे डोळ्यांना कधीच दिसत नाही. पावडर मात्र खोटे बोलत नाही.

तिसरी चाचणी शिकाऱ्यासाठी अनिवार्य. सरावाचे गोल टोक आणि शिकारीचे पाते यांचे बाण वीस-तीस मीटरवरून आळीपाळीने सोडायचे. अमेरिकेतील अनेक राज्यांत शिकारी पात्याची रुंदी किमान ७/८ इंच, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर असावी, असा नियम आहे. एवढे रुंद पाते बाणाच्या पुढच्या टोकाला पंखासारखे वागते. शेपटी जरा जरी डुलली तरी हे पुढचे पंख बाणाला भलतीकडे वळवतात. सरावात टेकूचा दोष लपून राहतो आणि शिकारीत उघडा पडतो, तो यामुळे. दोन्ही बाण वेगवेगळ्या जागी लागत असतील तर शिकारी पात्याचे बाण ज्या दिशेला आणायचे त्या दिशेला टेकू सरकवतात. एका वेळी अर्ध्या मिलिमीटरहून कमी. जुळले, की टेकूच्या कडेने रायझरवर बारीक खूण करून ठेवतात. जंगलात धक्का लागून टेकू सरकला तर ती खूण लगेच सांगते.

एक धोका मात्र सर्वांनीच ध्यानात ठेवावा. बाण इतका आखूड नसावा, की पूर्ण खेचल्यावर त्याचे टोक टेकूच्या मागे येईल. तसा बाण सुटला तर तो धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. तडा गेलेला कार्बनचा बाण फुटला तर त्याच्या शलाका तळहातात रुततात. प्रत्येक बाण वापरापूर्वी वाकवून, त्याचा आवाज ऐकून तपासण्याची शिस्त याचसाठी आहे.

आवाज आणि जबाबदारी

ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. बाण त्याच्या चौथ्या भागाइतक्याच वेगाने जातो. वीस मीटरवरच्या हरणाला धनुष्याचा आवाज सेकंदाच्या सतराव्या भागात ऐकू येतो. बाण मात्र जवळजवळ पाव सेकंदाने पोहोचतो. या फरकात दचकलेले हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसते आणि बाण त्याच्या पाठीवरून जातो किंवा भलत्याच जागी लागतो. सर्व आवाज टेकूचा नसतो हे खरे. पण खेचताना बाण धातूवर घासल्याचा आवाज त्याचाच असतो आणि तो बाण सुटण्यापूर्वीच जनावराला सावध करतो. म्हणून टेकूच्या काट्यांवर फेल्ट किंवा रबरी नळीचे आवरण चढवतात.

हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण वीस-पंचवीस सेंटीमीटर व्यासाचा असतो. बाण तेथे लागला तर मृत्यू लवकर येतो, अन्यथा नाही. टेकू निवडताना खर्च होणारा वेळ आणि पैसा शिकाऱ्याच्या हौसेसाठी असला, तरी त्याचा परिणाम भोगणारा जीव दुसराच असतो. जबाबदार शिकारी म्हणूनच स्वतःचे अंतर ठरवून घेतात आणि उपकरणाविषयी शंका असेल त्या दिवशी बाण सोडत नाहीत.

आपल्याकडे काय?

१९७२ हे वर्ष या विषयात दोन देशांसाठी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी अमेरिकेने धनुर्विद्येच्या साहित्यावर कर लावणारा कायदा केला. बंदुका आणि काडतुसांवरील कराप्रमाणे त्याचेही उत्पन्न वन्यजीव संवर्धनाला आणि शिकारीच्या प्रशिक्षणाला दिले जाते. टेकूसारख्या सुट्या भागांवरही हा कर आहे. त्याच वर्षी भारताने वन्यजीव (संरक्षण) कायदा केला. त्यातील शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला मारणेच नव्हे, तर जखमी करणे आणि तसा प्रयत्न करणेही येते. भारतात शिकारी धनुष्य घेऊन जंगलात जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

येथे कंपाउंड धनुष्याला मैदान मिळाले ते खेळाचे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत सातारच्या अदिती स्वामी हिने अवघ्या सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक अजिंक्यपद पटकावले आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळे याने पुरुषांत तीच कामगिरी केली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराला प्रथमच स्थान मिळाले आहे. त्यामुळे मुलांना कंपाउंडकडे वळवू पाहणाऱ्या पालकांची संख्या वाढणे स्वाभाविक आहे. या धनुष्याचे बरेचसे साहित्य परदेशी असते आणि परदेशी उत्पादकांच्या सूचीत मोठी जागा शिकारी साहित्याने व्यापलेली असते. कडे, अडसर, रंगीत आवरण असलेला शिकारी टेकू नवख्याला साहजिकच आकर्षक वाटतो.

येथेच थांबून विचार करायला हवा. मैदानावर खेळाडू सपाट जमिनीवर उभा असतो, लक्ष्य पन्नास मीटरवर स्थिर असते, बाण ठेवल्यापासून सोडेपर्यंत काही सेकंदच जातात. तेथे बाण चहूबाजूंनी बंदिस्त ठेवण्याची गरज नाही आणि आवाजाने दचकणारे कोणी नाही. गरज आहे ती एकाच गोष्टीची: ७२ बाणांच्या फेरीत प्रत्येक बाणाला तंतोतंत सारखी वागणूक मिळण्याची. दहा गुणांचे वर्तुळ आठ सेंटीमीटरचे असते. न हलणारी, साधी पोलादी पट्टी येथे चांगली ठरते, ती याच कारणाने. ड्रॉप-अवे वापरणारे खेळाडूही आहेत, परंतु ते त्याचा मेळ वरचेवर तपासतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार टेकूत विजेवर चालणारी यंत्रणा मात्र चालत नाही. खरेदीपूर्वी प्रशिक्षकाला विचारावे आणि पट्टीची जाडी बाणाच्या वजनानुसार त्याच्याकडूनच ठरवून घ्यावी. तेवढ्यानेही अनेक हजार रुपये आणि अनेक महिन्यांचा वैताग वाचतो.

विस्कॉन्सिनच्या मचाणावरचा शिकारी आणि साताऱ्याच्या मैदानावरची मुलगी यांचे टेकू वेगळे असतील, पण दोघांची अपेक्षा एकच आहे. बाण हातात असेपर्यंत त्याला नीट धरावे आणि तो निघाला, की त्याच्या वाटेत येऊ नये. जो टेकू हे काम शंभरातील शंभर वेळा करतो, तोच त्यांच्या कामाचा, मग तो साधा ब्रश असो वा पाच भागांचे यंत्र. आणि तो ते करतो की नाही, हे जाहिरात सांगत नाही. ते सांगतो दोन मीटरवर ताणलेला एक साधा कागद.